जिभेखालची गोळी: हृदयाची रक्तवाहिनी सैल होते म्हणजे आत नेमकं काय होतं?

रानजाई, रविवार, रात्री ९.१०

गेल्या गुरुवारची गोष्ट. आप्पा भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते. मधल्या वळणावर थांबले, पिशवी खाली ठेवली आणि पायरीवरच बसले. मी वरून बघितलं तेव्हा एक हात छातीवर सपाट ठेवलेला आणि दुसऱ्या हाताने शर्टाच्या खिशातून सॉर्बिट्रेटची पट्टी काढत होते. नखाने गोळी सोडवली, जिभेखाली ठेवली, डोळे मिटले. मी शेजारी बसून घड्याळ बघत राहिले. चौथ्या मिनिटाला म्हणाले, "सुटली बघ." आणि थोड्या वेळाने कपाळ दाबत, "आता डोकं ठणकायला लागलं."

त्यांना दोन वर्षांपूर्वी एक स्टेंट बसलाय, दुसऱ्या नसेत साठ टक्के ब्लॉकेज आहे, ते औषधांवर ठेवलंय. शुक्रवारी लगेच दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, "गोळीने नस सैल होते." बाहेर तीस माणसं बसली होती, त्यामुळे पुढे विचारलं नाही. पण तेव्हापासून डोक्यात तेच आहे. पाच मिलिग्रॅमची गोळी नसेला काय सांगते? आणि नस ते ऐकते कशी? माझं शिक्षण कॉमर्सचं आहे, तेव्हा अगदी पहिल्यापासून सांगितलंत तरी चालेल.

भरड, रविवार, रात्री ९.३२

आप्पांना जपा. दाखवून आलात हे बरं केलंत. मलाही हे कधी नीट कळलेलं नाही. नस म्हणजे पाइप आणि त्यात गाळ साचतो, एवढंच चित्र डोक्यात आहे. पाइप सैल कसा होईल?

हरणटोळ, रविवार, रात्री ११.०५

मी मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवतो आणि हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आहे. लांबण लागेल, पण सवडीने वाचा.

भरड, ते पाइपचं चित्र आधी बाजूला ठेवा. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीची भिंत जिवंत असते. सगळ्यात आत, रक्ताला लागून, पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. फरशी बसवावी तशा सपाट पेशी एकमेकींना चिकटून. त्याच्या बाहेर स्नायूपेशी, नळीभोवती वेढे घेतलेल्या. त्या आवळल्या की नळी अरुंद, सैल पडल्या की रुंद. फरक किती पडतो? प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी वाढली तर तेवढ्याच दाबाखाली रक्त जवळपास ४६ टक्के जास्त जातं. हृदयाला याची गरज इतर अवयवांपेक्षा जास्त, कारण शांत बसलेले असतानासुद्धा हृदयाचा स्नायू येणाऱ्या रक्तातला ७० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन काढून घेतो. जिना चढताना आणखी हवा असेल तर त्याच रक्तातून फारसा मिळण्यासारखा नसतो, रक्तच जास्त यावं लागतं. निरोगी माणसात ते चार-पाचपट वाढू शकतं.

आता आवळणं कसं होतं ते बघू, म्हणजे सैल होणं कळेल. स्नायूपेशीत कॅल्शियम शिरलं की ते कॅल्मॉड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. ही जोडी एका एन्झाइमला, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, जागं करते. ते एन्झाइम मायोसिनच्या एका भागावर फॉस्फेटचा कण बसवतं आणि मायोसिन शेजारच्या ॲक्टिनच्या दोऱ्याला धरून ओढतं. फॉस्फेट बसलं की पकड, निघालं की सुटका.

म्हणजे नस सैल करायची तर दोन गोष्टी साधायला हव्यात: पेशीतलं कॅल्शियम कमी करायचं आणि बसलेलं फॉस्फेट काढून टाकायचं. हे आपोआप होत नाही. त्यासाठी निरोप यावा लागतो, आणि तो येतो त्या आतल्या एकपदरी थराकडून.

रक्त जोरात वाहायला लागलं की एंडोथेलियमच्या पेशींवर घासटतं. तो घसारा त्यांना जाणवतो आणि त्यांच्यातलं एक एन्झाइम कामाला लागतं. ते आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन, बस. हा वायू इतका लहान की पेशीच्या पडद्यातून थेट आरपार जातो, त्याला दार लागत नाही. काही सेकंदांत विरून जातो, पण शेजारच्या स्नायूपेशीपर्यंत पोचायला तेवढा वेळ पुरतो. तिथे ग्वानिलेट सायक्लेज नावाचं एन्झाइम असतं. त्याच्या पोटात हीम असतं, हिमोग्लोबिनमध्ये असतं तसंच लोह असलेलं. नायट्रिक ऑक्साइड त्या लोहाला चिकटतो, एन्झाइमचा आकार बदलतो आणि ते भराभर सायक्लिक जीएमपी नावाचा पेशीच्या आतला निरोप्या रेणू बनवू लागतं. एका कणाच्या निरोपाचे असे अनेक कण होतात. सायक्लिक जीएमपी पुढे प्रोटीन कायनेज जी नावाच्या एन्झाइमला उठवतं.

आणि हे प्रोटीन कायनेज जी एकाच वेळी चार ठिकाणी हात घालतं. पोटॅशियमच्या वाटा उघडतं. पोटॅशियम बाहेर गेल्यावर पेशीची आतली बाजू जास्त ऋण होते आणि त्यामुळे कॅल्शियमच्या वाटा मिटतात. पेशीच्या आतल्या कोठारातून कॅल्शियम सुटतं, ते अडवतं. सुटलेलं कॅल्शियम परत कोठारात भरायला लावतं. आणि मायोसिनवरचं फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला जोर देतं.

आप्पांची गोळी या साखळीत मधेच शिरते. सॉर्बिट्रेट म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, एक नायट्रेट. त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड मिळतो, म्हणजे आतल्या थराने जो निरोप द्यायचा तो गोळी परस्पर देते. थर आजारी असला तरी स्नायूला निरोप पोचतो.

रानजाई, सोमवार, सकाळी ७.२०

सर, दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग माझा आतला थर का देत नाही निरोप?" हे मलाही विचारायचं होतं. आणि डोकं का ठणकतं?

पाणवठा, सोमवार, दुपारी २.१५

डोक्याचं मी सांगते. मी आयसीयूत काम करते, हे रोज बघते. गोळी फक्त हृदयाच्या नसांना ओळखत नाही. मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्याही रुंदावतात, त्या ठणकतात.

हरणटोळ सरांच्या लिखाणात एक भर घालते, कारण ती महत्त्वाची आहे. सॉर्बिट्रेटने छातीतली कळ थांबते ती मोठ्या प्रमाणात शिरांमुळे, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांमुळे. पायातल्या, पोटातल्या शिरा सैल पडल्या की रक्त तिथे थांबतं, हृदयाकडे परत कमी येतं, हृदय कमी ताणलं जातं आणि त्याची ऑक्सिजनची मागणीच उतरते. हृदयाच्या पृष्ठभागावरच्या मोठ्या रोहिण्याही रुंदावतात, त्याचाही उपयोग होतो. साखळी मात्र दोन्हीकडे तीच, सरांनी सांगितलेली.

याच कारणासाठी गोळी बसूनच घ्यायची. उभ्याने घेतली की रक्त पायात उतरतं, बीपी पडतं आणि माणूस कोसळतो. आप्पा पायरीवर बसले ते अगदी बरोबर केलं. आणि गोळी घेऊन पाच मिनिटांत कळ कमी झाली नाही, वाढली, घाम फुटला, तर थांबायचं नाही, १०८ ला फोन.

काळीमैना, सोमवार, सायंकाळी ६.४०

माझं मेडिकल स्टोअर आहे. या गोळ्यांच्या संदर्भात एक प्रश्न मी प्रत्येकाला काउंटरवर हळू आवाजात विचारते, आणि इथे मोकळेपणाने लिहिते. सरांनी ज्या सायक्लिक जीएमपीबद्दल लिहिलंय, ते शरीर सतत मोडतही असतं. सिल्डेनाफिल, म्हणजे पुरुष लैंगिक दुर्बलतेवर घेतात ती व्हायग्राची गोळी, ते मोडणारं एन्झाइम बंद पाडते. आता एका बाजूने सॉर्बिट्रेट सायक्लिक जीएमपी वाढवतंय आणि दुसऱ्या बाजूने ते मोडायला कोणी नाही. बीपी इतकं खाली जातं की जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि त्याच प्रकारचं टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेटची गोळी नाही. पुरुष हे घरी सांगत नाहीत, डॉक्टरांनाही सांगत नाहीत. कृपा करून सांगा. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं तर तिथे तरी सांगा.

सिल्डेनाफिल मुळात अंजायनासाठीच, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणाऱ्या कळेसाठी, शोधत होते, इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या सँडविच या गावी. हृदयासाठी त्याचा अपेक्षित उपयोग दिसला नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. १९९८ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आलं.

आणखी एक. रोजची नायट्रेटची गोळी डॉक्टरांनी सकाळी ८ आणि दुपारी ३ अशी सांगितली असेल तर लोकांना वाटतं चूक झालीय, आणि ते आपल्या मनाने सकाळ-संध्याकाळ करतात. तसं करू नका. रात्रीची मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. अंगात सतत नायट्रेट राहिलं तर नसा त्याला दाद देईनाशा होतात. डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांचं हेच व्हायचं. सोमवारी कामावर आले की डोकं ठणकायचं, आठवड्याच्या मध्यापर्यंत सवय व्हायची, आणि सुट्टीच्या दिवशी नायट्रोग्लिसरिन बंद झालं की काहींच्या छातीत दुखायचं.

भरड, सोमवार, रात्री ८.५५

डायनामाइटमध्ये जे असतं तेच औषध?

हरणटोळ, सोमवार, रात्री १०.३०

हो, तेच. सॉर्बिट्रेट हे त्याचं भावंड. नायट्रोग्लिसरिन १८४७ मध्ये तुरिनला अस्कानिओ सोब्रेरो यांनी बनवलं, आल्फ्रेड नोबेल यांनी त्यापासून डायनामाइट केलं. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी अंजायनासाठी त्याचा उपयोग लिहून प्रसिद्ध केला. नोबेल स्वतः शेवटच्या काळात हृदयाच्या दुखण्याने आजारी होते आणि डॉक्टरांनी त्यांनाही नायट्रोग्लिसरिनच लिहून दिलं होतं. १८९६ च्या १० डिसेंबरला ते गेले. तोवर ते औषध शरीरात काय करतं हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. त्यानंतरही ऐंशी वर्षं नव्हतं.

१९७७ मध्ये फेरीद मुराद यांनी दाखवलं की नायट्रोग्लिसरिनपासून नायट्रिक ऑक्साइड मिळतो आणि तो सायक्लिक जीएमपी वाढवतो. पण शरीर स्वतःच तो वायू बनवत असेल, हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नव्हतं. मोटारीच्या धुरात असतो तो वायू, तो पेशी कशाला बनवतील?

पुढचा भाग मी दरवर्षी वर्गात सांगतो. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्या टांगून त्यांचं आवळणं मोजत असत. ॲसिटिलकोलीन (शरीरातल्या नसतंतूंचं निरोप्या रसायन) घातलं की त्यांच्या पट्ट्या आवळायच्या. जिवंत प्राण्याला दिलं तर मात्र रक्तवाहिन्या सैल पडायच्या. हे कोडं अनेक वर्षं तसंच राहिलं. १९७८ मध्ये एका प्रयोगात सहायकाकडून क्रम चुकला आणि त्याच जातीच्या रसायनाने रोहिणी आवळण्याऐवजी सैल पडली. फर्चगॉट यांनी तो निकाल चुकीचा म्हणून फेकून दिला नाही. शोध घेत गेले तेव्हा कळलं की आधीच्या पट्ट्या तयार करताना त्यांची आतली बाजू घासली जात होती, एंडोथेलियम खरवडून निघत होतं. थर शाबूत असेल तर सैल, थर गेला तर आवळ. मग त्यांनी थर खरवडलेली पट्टी थर शाबूत असलेल्या पट्टीवर पालथी ठेवली, आतल्या बाजू समोरासमोर. थर नसलेली पट्टीसुद्धा सैल पडली. म्हणजे थरातून काहीतरी सुटत होतं. १९८० मध्ये त्यांनी आणि जॉन झवाड्झकी यांनी हे प्रसिद्ध केलं. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, हे १९८७ मध्ये इंग्लंडमध्ये साल्वाडोर मोंकाडा यांच्या गटाने आणि अमेरिकेत लुई इग्नारो यांनी दाखवलं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. मोंकाडा राहिले, याची खंत मला आजही वाटते.

आता आप्पांचा प्रश्न, त्यांचा थर निरोप का देत नाही. १९८६ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी जिवंत माणसांच्या हृदयाच्या रोहिणीत ॲसिटिलकोलीन थेंबाथेंबाने सोडून अँजिओग्राफी केली. निरोगी रोहिण्या रुंदावल्या. चरबी साचलेल्या रोहिण्या त्याच औषधाने आवळल्या. सशाच्या पट्टीत खरवडल्यावर जे झालं, ते इथे आजाराने झालं होतं. तंबाखूचा धूर, साखर, वाढलेलं कोलेस्टेरॉल यांमुळे पेशीत सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक उपद्रवी रूप, तयार होतो आणि नायट्रिक ऑक्साइड स्नायूपर्यंत पोचण्याआधीच त्याच्याशी संयोग होऊन संपतो. निरोप वाटेतच खलास.

उंबरठा, मंगळवार, पहाटे ४.१०

इथे अमेरिकेत दुपार आहे. हरणटोळ सर जिथे थांबले तिथून पुढे सांगतो, कारण मी काही वर्षं माणसाच्या हृदयातल्याच रोहिण्यांवर काम केलंय. ससा किंवा उंदीर नाही.

बायपासच्या वेळी हृदय-फुप्फुस यंत्राची नळी बसवताना उजव्या कर्णिकेचं (हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याचं) छोटं टोक कापावं लागतं. एरवी ते टाकून देतात. रुग्णाची संमती असेल तर ते थंडगार क्षारद्रावात घालून प्रयोगशाळेत येतं. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून रोहिणी सोडवायची. व्यास एक-दोन दशांश मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दोन-तीनपट. आजूबाजूची चरबी चिमट्याने एकेक कण बाजूला करायची आणि रोहिणीला ताण पडू द्यायचा नाही, कारण ताणली की आतला थर गेला. मग दोन काचेच्या टोकदार नळ्यांवर तिची दोन्ही टोकं चढवून केसापेक्षा बारीक धाग्याने बांधायची. ३७ अंश तापमान, ६० मिलिमीटर पाऱ्याचा दाब. सुरुवातीला ती मलूल पडलेली असते. तासाभरात शुद्धीवर येते. मग एंडोथेलिन या नस आवळणाऱ्या रसायनाने तिला थोडी आवळायची, आणि दोन्ही बाजूंच्या द्रावाच्या बाटल्यांपैकी एक वर, एक तेवढीच खाली करायची. दाब तोच राहतो, प्रवाह सुरू होतो. पडद्यावर दिसतं, रोहिणी हळूहळू उघडते. ज्याच्या हृदयातून ती आली तो माणूस तेव्हा आयसीयूत शुद्धीवर येत असतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नव्हतो.

आता मुद्दा. ब्लॉकेज नसलेल्या माणसाच्या रोहिणीत नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम बंद केलं की हे उघडणं बंद पडतं. ब्लॉकेज असलेल्या माणसाच्या रोहिणीत ते एन्झाइम बंद केलं तरी ती उघडतेच! तिथे निरोप्या बदललेला असतो. २००३ मध्ये मिलवॉकीच्या डेव्हिड गटरमन यांच्या गटाने दाखवलं की तिथे काम हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. जखमेवर टाकलं की फेसाळतं तेच, पण अतिशय सूक्ष्म प्रमाणात, पेशीने स्वतः बनवलेलं. ते मोडणारं एन्झाइम द्रावात घातलं की रोहिणी उघडत नाही.

आणि हा निरोप पोचतो कुठे? त्याच प्रोटीन कायनेज जी कडे. फक्त सायक्लिक जीएमपीची वाट न बघता. पेरॉक्साइड या प्रथिनाचे दोन रेणू गंधकाच्या दुव्याने एकमेकांना जोडतं आणि जोडी झाली की ते जागं होतं. पुढे पोटॅशियमच्या त्याच मोठ्या वाटा उघडतात. म्हणजे आप्पांच्या बारीक रोहिण्या बहुधा अजूनही बोलतायत, दुसऱ्या भाषेत. पण ही भाषा महाग पडते. नायट्रिक ऑक्साइड रक्त गोठू देत नाही, सूज आवरतो, भिंतीतली पेशींची वाढ रोखतो. पेरॉक्साइड रोहिणी उघडतं खरं, पण त्याच्यामुळे सूज आणि वाढ दोन्हीला खतपाणी मिळतं.

भरड, मंगळवार, सकाळी ९.४५

उंबरठा, सलाम. ते टाकून दिलेल्या तुकड्याचं वाचून अंगावर काटा आला.

दोन प्रश्न. आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनतो, तर आर्जिनिनची पावडर घेतली तर? माझा मेहुणा हार्ट अटॅकनंतर घेतोय. आणि माझ्या आईला थॅलियम स्कॅनच्या (हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या तपासणीच्या) आदल्या दिवशीपासून चहा बंद करायला लावला होता. चहाचा आणि नसेचा काय संबंध?

पाणवठा, मंगळवार, दुपारी ३.२०

मेहुण्यांना पावडर आजच थांबवायला सांगा आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोला. हार्ट अटॅकनंतर आर्जिनिन देऊन बघितलेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तवाहिन्या किंवा हृदयाचं काम सुधारलं नाही आणि आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मधेच थांबवावी लागली. बहुतेकांच्या पेशीत आर्जिनिन पुरेसं असतंच, बिघाड पुढच्या पायरीवर असतो.

चहाचं उत्तर म्हणजे दुसरा मार्ग, जो अजून कोणी लिहिला नाही. हृदयाचा स्नायू जोरात काम करतो तेव्हा त्याच्या इंधनातून, एटीपीतून, अडेनोसिन सुटतं. ते बारीक रोहिण्यांच्या स्नायूपेशींवरच्या ग्राहकाला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टर), चिकटतं, आत सायक्लिक जीएमपीचं भावंड सायक्लिक एएमपी वाढतं, ते प्रोटीन कायनेज ए या दुसऱ्या एन्झाइमला उठवतं, आणि शेवट तोच, कॅल्शियम उतरतं. पळू न शकणाऱ्या पेशंटला स्कॅनच्या वेळी अडेनोसिन शिरेतून देतात, म्हणजे न पळता रक्तपुरवठा वाढतो आणि कुठला भाग मागे राहतो ते दिसतं. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याच ग्राहकावर आधीच जाऊन बसतं. मग अडेनोसिनला जागा मिळत नाही, नसा रुंदावत नाहीत आणि अहवाल चुकतो. एक कप चहासुद्धा लपवू नये. काही पेशंट लपवतात.

रानजाई, बुधवार, रात्री ८.३०

सगळं छापून आप्पांना दिलं. चष्मा लावून दोन दिवस वाचतायत, पेन्सिलीने खुणा केल्यात. त्यांचा एकच प्रश्न उरलाय: तो जुना निरोप परत सुरू करता येतो का?

हरणटोळ, बुधवार, रात्री १०.१५

काही प्रमाणात, हो. बॉस्टनचा प्रयोग आठवा. तशाच प्रकारची परीक्षा लाइपझिगच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांवर घेतली आणि त्यातल्या काहींना चार आठवडे रोज व्यायाम करायला लावला. पुन्हा ॲसिटिलकोलीन सोडून बघितलं तेव्हा रोहिण्यांचं उलटं आवळणं जवळपास निम्म्याने कमी झालं होतं. हे २००० मध्ये प्रसिद्ध झालं. कारण तुम्हाला आता माहीत आहे: रक्त जोरात वाहिलं की आतल्या थरावर घसारा पडतो आणि ते एन्झाइम जागं होतं. रोज पडला तर पेशी ते एन्झाइमच जास्त बनवतात. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळीही यात मदत करते, ती बंद करू देऊ नका. किती चालायचं, किती वेगाने, हे मात्र त्यांच्या कार्डिओलॉजिस्टनीच ठरवायचं. आणि धूर बंद.

रानजाई, शनिवार, सकाळी ८.०५

कार्डिओलॉजिस्टनी सपाट रस्त्यावर वीस मिनिटं सांगितलीत, जिना हळू, ओझं नाही. भाजीची पिशवी आता मी आणते. आज तिसरा दिवस. आप्पा आत्ताच फिरून आले. खिशात सॉर्बिट्रेट होती, लागली नाही. कपाटातलं बिडीचं बंडल त्यांनी परवा स्वतःच काढून माझ्या हातात दिलं.